रविवारचे पप्पा

“साहेब, दर रविवारी आमच्या फोनवर जे बोलतात, ते खरंच माझे पप्पा असतात का?”

सभागृहात पाचशे पोरं होती. असा हशा पिकला, की मागच्या बाकावरून कुणीतरी खाली पडलं. पैज माझ्या मैत्रिणींची, समू आणि आफरीनची होती. विज्ञान सप्ताहाला वेगधारा नेटवर्क्स या फोन कंपनीचे भणगे साहेब येणार हे कळल्यापासून दोघी माझ्या मागे लागल्या होत्या.

“विचारून दाखव. भर सभागृहात, माइकवर,” समू म्हणाली होती. “आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू.”

“जाऊ दे गं, तिला नाही जमायचं,” आफरीन म्हणाली होती. “जुई डुबल म्हणजे चालेल डुबल.”

हे मला झोंबलं. कारण मागच्या वर्षापर्यंत ते खरं होतं. घरी शेपू केलाय? चालेल. तुला मागच्या बाकावर बसवलंय? चालेल. दहावीनंतर दोन वर्षं लातूरला, क्लासच्या हॉस्टेलवर, मेडिकलची तयारी? चालेल. माझ्या तोंडातून हा शब्द इतका आपोआप निघायचा, की समोरच्याचा प्रश्न संपायची वाट बघायचीही गरज नसायची.

मग ऑगस्टमध्ये तालुक्याच्या कबड्डी सामन्यांत माने सरांचा घसा बसला. त्यांनी पाणी प्यायला जाताना माइक नुसता धरायला माझ्या हातात दिला. समोर आमच्या शाळेची चढाई चालू होती आणि मला राहवेना. “आली, आली, नऊ नंबर आली, बोनसच्या रेषेवर नजर, डाव्या कोपऱ्याने पाय धरला, सुटली, सुटली, सुटली ओ!” सर परत आले तेव्हा अख्खं मैदान माझ्याकडे बघत होतं. त्या दिवसापासून कराड तालुक्यात कुठेही मुलींची कबड्डी असली की माइकवर मीच असते. आणि हे सगळं मी पप्पांना सांगितलं होतं. तीन वेळा. आणि तिन्ही वेळा पप्पा म्हणाले होते, “शाब्बास. अभ्यास कसा चाललाय?”

म्हणून तो प्रश्न.

“फार गोड प्रश्न आहे,” भणगे साहेब म्हणाले. चष्मा, पांढरा शर्ट, आणि बोलताना सतत हसायची सवय. “पप्पा कुठे असतात बाळ तुझे?”

“समुद्रात.”

पुन्हा हशा.

“सागरदुवा नावाच्या जहाजावर,” मी आवाज चढवून म्हणाले. “समुद्राच्या तळाला टाकलेल्या इंटरनेटच्या केबल तुटतात, त्या वर काढून जोडतात. केसासारख्या काचेच्या तारा असतात. माझे पप्पा त्या हातांनी जुळवतात.”

आता कुणी हसलं नाही. साहेबांनी मान डोलवली आणि फळ्याकडे वळले. त्यांनी जे समजावलं ते मी वहीत लिहून घेतलं, आणि माझ्या भाषेत सांगायचं तर ते असं.

आपण फोनवर बोलतो तेव्हा आवाजाचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे होतात. प्रत्येक तुकडा एका पाकिटात जातो, पाकिटावर पत्ता असतो. वाटेत जागोजागी राउटर नावाची यंत्रं असतात. आपल्या एस.टी. स्टँडवरचा कंट्रोलर जसा पाटी बघून विटा गाडी फलाट तीनला, चिपळूण गाडी फलाट सातला लावतो, तसा राउटर पत्ता बघून पाकीट पुढच्या तारेवर ढकलतो. गाडीत कोण बसलंय याच्याशी त्याला घेणं नसतं. वाटेत काही पाकिटं हरवली की पूर्वी आवाज खरखरायचा, तुटायचा, “हॅलो, हॅलो” व्हायचं. यावर वेगधाराने ‘अखंड’ नावाची सेवा काढली होती. नवा राउटर हरवलेल्या पाकिटासाठी थांबत नाही. बोलणाऱ्याचं आधीचं बोलणं त्याने शिकून ठेवलेलं असतं. त्यावरून तो अंदाज करतो की हा माणूस इथे काय म्हणाला असेल, आणि तेवढा आवाज त्याच माणसाच्या गळ्यात बनवून मध्ये बसवतो. जगातल्या सगळ्या तारा भरून वाहतायत, त्यामुळे सगळी पाकिटं न्यायचीच कशाला, असाही विचार पुढे आला.

“आणि गंमत म्हणजे,” साहेब म्हणाले, “हजारातल्या नऊशे शहाण्णव ग्राहकांना फरकच कळत नाही! तेव्हा बाळ, आवाज तुझ्या पप्पांचाच असतो. निश्चिंत राहा.”

टाळ्या वाजल्या. मी खाली बसले.

“झालं समाधान?” समूने विचारलं.

“मी विचारलं, पप्पा असतात का. ते म्हणाले, आवाज असतो,” मी म्हणाले. “आणि आमचं आधीचं बोलणं त्यांनी शिकून ठेवलंय म्हणजे? कधी शिकले? कुणाला विचारून?”

आफरीनने माझं दप्तर खांद्यावर घेतलं. ती एरवी टिंगल सोडून काही करत नाही, पण तेव्हा म्हणाली, “साधाभोळा दिसतोय तो माणूस, पण डोळ्यात बघत नव्हता तुझ्या. माझ्या अब्बूंच्या दुकानात उधार मागणारे असेच हसतात.”

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. माझी आईही वेगधारातच आहे. ओगलेवाडी रस्त्याला कंपनीचं एक्स्चेंज आहे, कोकणातून येणाऱ्या तारा आणि पुणे-कोल्हापूरच्या तारा तिथे एकत्र येतात. तिथल्या राउटरांवर लक्ष ठेवायचं काम आईकडे. आई-पप्पांचं लग्नही तारांमुळेच जमलं, पाटणच्या डोंगरात केबल टाकताना. लोकांच्या घरी देवाधर्माच्या गोष्टी चालतात, तशा आमच्या घरात केबलच्या गोष्टी चालतात.

“ये. एवढं बघ आणि बरोबर आहे म्हण,” आई म्हणाली.

लातूरच्या क्लासचा फॉर्म होता. माझं नाव, माझा फोटो, आणि खाली ‘विद्यार्थिनीची संमती: होय’. अंतिम तारीख पंधरा जानेवारी.

“मी कधी होय म्हटलं?”

आईने चष्मा डोक्यावर ढकलला. “पप्पांना म्हणालीस की. गेल्या रविवारी. त्याच्या आधीच्याही.”

“मी नाही म्हणाले! तीन रविवार मी त्यांना नाहीच सांगतीये. मला लातूरला जायचं नाही, मला डॉक्टर व्हायचं नाही, मला इथंच राहायचंय. असं चक्क शब्दाशब्दाने सांगितलंय!”

“जुई, पप्पा मला म्हणाले, पोरीला दोन-दोनदा विचारलं, ती म्हणाली चालेल. ते खोटं बोलतायत का?”

“मग मी खोटं बोलतीये?”

आईने लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. उत्तराऐवजी झाकण मिटायचं, ही तिची पद्धत आहे. आणि मला पहिल्यांदा वाटलं की या दोघांचं आपसात ठरलंय. मी फोनवर काहीही बोलले तरी पप्पांनी ‘बरं बरं’ म्हणायचं आणि आईने फॉर्म भरायचा. नाहीतर गेले सहा महिने आई फोन ठेवल्यावर एवढी हसत का असते? पूर्वी पप्पांचा फोन आला की बारा मिनिटांतली पाच मिनिटं भांडणात जायची. “तुम्हाला ऐकू येत नाही की ऐकायचं नाही?” हे आईचं ठरलेलं वाक्य. हल्ली ते बंद झालं होतं. हल्ली पप्पा गोड बोलायचे. इतके गोड, की मला त्यांचा संशय यायला लागला होता.

रविवारी समू आणि आफरीन प्रयोगाला घरी आल्या. आईला सांगितलं, भूगोलाचा तक्ता करतोय. जहाजावर सगळ्यांचे मोबाइल कपाटात असतात, कारण भर समुद्रात रेंज नसते. एक फोन, वीस माणसं, प्रत्येकाला आठवड्यातून बारा मिनिटं. बरोबर सहा वाजता घंटी वाजली. आई आधी बोलली, मग फोन मला देऊन स्वयंपाकघरात गेली. मी स्पीकर चालू केला.

“काय जुई, कसं काय?” पप्पाच. तोच आवाज, शेवटी थोडा खाकरलेला.

“पप्पा,” मी म्हणाले, “आमच्या बाथरूममध्ये हत्ती शिरलाय.”

समूने तोंडात ओढणी कोंबली.

“बरं बरं,” पप्पा म्हणाले. “आईला त्रास देऊ नकोस.”

“मोठा आहे. सोंडेने बादली फिरवतोय. आंघोळ करून बाहेर येईल आणि मग आम्ही त्याला लातूरला पाठवणार आहोत, क्लासला.”

“छान. अभ्यास कसा चाललाय?”

आफरीन हसायची थांबली होती. तिने वहीत लिहून पुढे सरकवलं: ‘तू काय बोललीस ते त्यांना परत म्हणायला सांग.’

“पप्पा, मी आत्ता काय म्हणाले सांगा बघू.”

मध्ये एवढासा थांबा. मग पप्पा हसले. “अगं, आत्ताच तर म्हणालीस. सगळं ठीक आहे पप्पा, लातूरचं चालेल.”

समूने माझा दंड धरला. मी फोनकडे बघत राहिले. माझ्या गळ्यातून, माझ्या आवाजात, तिकडे समुद्रात दुसरीच कुणीतरी बोलत होती. आणि ती कोण होती ते मला चांगलंच माहीत होतं. ती मागच्या वर्षीची मी होते. चालेल डुबल. मी इकडे माइक धरून मैदानं गाजवत होते आणि तिकडे माझ्या बापाशी अजून तीच बोलत होती.

“हा तुझा राउटर नाही गं,” फोन बंद झाल्यावर समू हळू आवाजात म्हणाली. “हा स्टँडवरचा कंट्रोलर गाडी आलीच नाही तर स्वतःच पाहुणा बनवून उतरवतोय.”

“तुझ्या बाजूने हे, तर त्यांच्या बाजूनेही हेच ना?” आफरीन म्हणाली. “म्हणजे ‘बरं बरं’ तरी त्यांचं होतं कशावरून?”

दुसऱ्या दिवशी सोमवार. शाळा सुटल्यावर मी आईचा डबा द्यायच्या निमित्ताने एक्स्चेंजला गेले. रखवालदार मला लहानपणापासून ओळखतात, त्यांनी सोडलं. आत कायम थंडी असते आणि पंख्यांचा एकसुरी आवाज. उंच कपाटांच्या रांगा, प्रत्येकात हिरवे दिवे लुकलुकणारे राउटर. पूर्वी मला ते दिवे आवडायचे. त्या दिवशी वाटलं, हे सगळे डोळे आहेत आणि मी काय बोलणार आहे याचा अंदाज बांधतायत.

मी आईला हत्तीचं सांगितलं. आधी ती रागावली. “वडलांशी असली थट्टा करतेस?” मग मी ‘चालेल’चं सांगितलं, आणि तिचा चेहरा बदलला. इतका बदलला, की माझा संशय पुन्हा उसळला.

“आई, तुला माहीत होतं.”

“गप. थांब जरा.”

तिने खणातून एक लांबट जाड रजिस्टर काढलं. एक्स्चेंजमध्ये यंत्रावर कोणताही बदल केला की त्यात हाताने लिहायचं असतं: काय केलं, कधी केलं, कुणी केलं, आणि मागे कधी घेतलं. आईने जूनचं पान काढलं. तिचं नीटनेटकं अक्षर. ‘अखंड, चाचणी, पातळी सात, पंधरा दिवस.’ पुढे फोन नंबर. आमचा.

“आमच्याकडची रीत आहे ही,” आई म्हणाली. “नवीन काही आलं की लोकांच्या लाइनवर नाही लावायचं. आधी आपल्या घरावर. मी लागले तेव्हापासून सगळे असंच करतात. आपल्याला त्रास झाला तर झाला.”

“पातळी सात म्हणजे?”

“एकमध्ये हरवलेलं तेवढं भरतो. सातमध्ये…” ती थांबली. “जहाजाची लाइन अगदी बारीक असते. उपग्रहावरून. सातमध्ये दहातलं एक पाकीट खरं जातं. बाकी नऊ दोन्हीकडचे राउटर आपापले बनवतात. आपल्या दोन वर्षांच्या कॉलवरून. रोजचं बोलणं असेल तर जवळजवळ बरोबर येतं. जेवलात का, बरं आहे ना, असलं. माणूस नेहमीपेक्षा वेगळं बोलला, की मात्र…”

“की मात्र ते पोचतच नाही.”

आईने मान हलवली. मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं. ‘मागे घेतल्याची तारीख’ हा रकाना कोरा होता. जूनपासून डिसेंबरपर्यंत.

“पंधरा दिवस होते ना? तू विसरलीस?”

ती विसरले म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता. पण माझी आई खोटं बोलत नाही, गप्प बसते किंवा खरं सांगते.

“तिसऱ्या आठवड्यात आठवलं होतं,” ती म्हणाली. “हात कीबोर्डवर होता. पण त्या रविवारी तुझे पप्पा किती छान बोलले होते गं. चिडले नाहीत. ऐकून घेतलं. आमचं भांडणच झालं नाही. मला वाटलं, लाइन सुधारली म्हणून माणूस सुधारला. अजून एक आठवडा बघू म्हटलं. मग अजून एक.”

खणात फॉर्मांचा गठ्ठा होता. चाचणीचा दर आठवड्याचा अहवाल. प्रत्येकावर एकच ओळ: ‘तक्रार: नाही.’ भणगे साहेबांच्या हजारातल्या नऊशे शहाण्णवांत आम्ही होतो.

“मग पप्पा काय बोलत होते, आई? खरे पप्पा? सहा महिने?”

आईने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला सुचला नव्हता, किंवा सुचू द्यायचा नव्हता. ती खुर्ची ओढून कोपऱ्यातल्या संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर बसली.

“ही नियंत्रण वाहिनी,” ती म्हणाली. “राउटरांना हुकूम द्यायची. इथे अंदाज चालत नाही. एक अक्षर चुकलं तर अख्खी लाइन पडेल, म्हणून इथलं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं जातं. घरगुती बोलायला सक्त मनाई आहे.”

आणि तिने टाइप केलं: ‘सागरदुवा, जोडणी विभागाचे डुबल यांना पडद्यावर बोलवा. तातडीचे.’

बारा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात रविवारचा अख्खा फोन संपतो. मग पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

‘डुबल बोलतोय. काय झालं?’

आईने लगेच लिहिलं, ‘अहो, मी आहे. इथे खरं तेच पोचतं. फोनवर नाही पोचत. तुम्ही जूनपासून मला काय काय सांगितलं, ते इथे लिहा.’

मग एकेक अक्षर. पप्पा इतकं हळू का लिहितायत, ते मला तेव्हा कळलं नाही.

‘हाताला लागलंय. उजव्या. दोन बोटं केबल ओढायच्या विंचमध्ये आली. सांगितलं की तुला. दर रविवारी सांगतोय. मला घरी यायचंय म्हणून. तू म्हणतेस, बरं, काळजी घ्या, जेवलात का.’

आईने तोंडावर हात ठेवला, तरी हुंदका बाहेर आलाच. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, आणि तो कुठल्याही राउटरला बनवता आला नसता. पप्पांचं लिहिणं चालूच होतं.

‘मला वाटलं, रागावली असशील अजून. म्हणून मग जास्त बोललो नाही.’

आई लिहू शकेना. मी तिच्या शेजारी वाकले आणि कीबोर्ड माझ्याकडे घेतला.

‘पप्पा, मी जुई. मी लातूरला हो म्हटलेलं नाही. एकदाही नाही.’

‘मग कोण म्हणालं?’

याचं उत्तर एका ओळीत कसं देणार? मी लिहिलं, ‘घरी या. मग सांगते.’

पप्पा सहा जानेवारीला आले. आईने त्याआधीच आमचा नंबर पातळी सातवरून काढला होता आणि रजिस्टरमध्ये तारीख घातली होती. मधल्या दोन रविवारी फोन पहिल्यासारखा खरखरत आला, सहा वेळा तुटला, आणि आई-पप्पा बारा मिनिटं नुसतं “हॅलो, हॅलो, येतंय का ऐकू?” करत होते. दोघंही फोन सोडायला तयार नव्हते.

सकाळी दहाला टॅक्सी दारात थांबली. पप्पा वाळले होते. उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून वाकडी होऊन तशीच जुळली होती. काचेची तार आता त्या बोटांत राहणार नव्हती, हे कुणी सांगायला नको होतं. आई दारातच त्यांचा हात हातात घेऊन उभी राहिली.

मला रडू येत होतं, पण सहा महिन्यांचा संशय असा एका मिनिटात जात नाही. मी वाट अडवून उभी राहिले.

“पप्पा, एक प्रश्न. आमच्या बाथरूममध्ये काय शिरलं होतं?”

“काय?” पप्पा गोंधळले. “मला काय माहीत? पाल?”

‘बरं बरं’ म्हणाले नाहीत! मी त्यांच्या गळ्यातच पडले.

जेवण झाल्यावर मी त्यांना कबड्डी ऐकवली. पाटावर उभी राहून, लाटणं तोंडासमोर धरून, उंब्रजच्या अंतिम सामन्याची शेवटची दोन मिनिटं. पप्पा तोंड उघडं टाकून बघत होते. “ही आपली जुई?” त्यांनी आईला विचारलं. “हीच का ती?” मग ते हसले, आणि मग हसू जरा ओसरल्यावर म्हणाले, “छान आहे. फार छान. पण लातूर मात्र सोडू नकोस.”

“पप्पा!”

“ऐक माझं. माझं बघितलंस ना? बावीस वर्षांची कला, एका मिनिटात गेली. डॉक्टरचं तसं नसतं. तुझं तरी पक्कं असावं. मी चुकीचं बोलतोय का?”

“डॉक्टरला बोटं लागत नाहीत?”

“उलट बोलतेस?”

“हो! आणि तुम्हाला ऐकू येतंय!”

“हिला काय झालंय?” पप्पा आईवर घसरले. “तूच लाडावून ठेवलीयस.”

“मी? दहा महिने तुम्ही पाण्यात, आणि लाड माझे? तुम्हाला ऐकू येत नाही की ऐकायचं नाही?”

सहा महिन्यांनी तिच्या तोंडून ते वाक्य आलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी खरं भांडण चाललं होतं, प्रत्येक शब्द ज्याचा त्याचा, एकही पाकीट न हरवता. मला इतकं मस्त वाटत होतं, की ते थांबवायला जिवावर आलं.

पण टेबलावर पेपरखाली एक कागद होता, तो मी सकाळीच पाहिला होता. चाचणीचा शेवटचा फॉर्म. ‘तक्रार’पुढची जागा आईने कोरी ठेवली होती. तिथे काही लिहिलं तर जूनचं पान निघणार, मागे घेतल्याची उशिराची तारीख निघणार, आणि आईला उत्तर द्यावं लागणार. नाही लिहिलं तर पुढच्या महिन्यात पातळी सात अख्ख्या जिल्ह्याला लागणार. भणगे साहेबांचे आईला चार फोन येऊन गेले होते. हसत हसतच, म्हणे. आईने कागद फाडला नव्हता, भरलाही नव्हता. पेपरखाली ठेवला होता, जिथे मला सापडेल.

मी तो काढून दोघांच्या मध्ये ठेवला. आई कागदाकडे बघत होती, पप्पा तिच्याकडे. मी पेन घेतलं. कबड्डीत चढाईला निघताना पोरी दम कोंडतात, तसा कोंडला.

“पप्पा, मी लातूरला जाणार नाही. अकरावी इथंच करणार, कराडात. पुढे काय व्हायचंय ते मला अजून माहीत नाही, आणि माहीत झालं की तुम्हाला समोर बसवून सांगेन, फोनवर नाही. आई, हा फॉर्म या वेळी मी भरतीये. तक्रार: आहे. खाली माझं नाव, माझी सही. कंपनीवाले विचारायला आले की मी बोलणार, आणि तुझ्या शेजारी बसून बोलणार. ऐकू आलं दोघांना? की परत सांगू?”